निडी ते सातारा : एका पंगतीची वाट

पनवेलहून रोह्याकडे निघालेली मेमू पेण सोडते, कासू मागे टाकते, नागोठण्याला थांबते आणि रोह्याच्या अलीकडे निडी नावाच्या लहानशा स्थानकावर क्षणभर विसावते. पुढचे स्थानक रोहा, आणि तेथून कोकण रेल्वेचा मार्ग सुरू होतो. लांब पल्ल्याच्या गाड्या निडीला थांबत नाहीत. गोव्याकडे निघालेल्या प्रवाशाला खिडकीतून दिसते ती भाताची खाचरे, दूरवरचे डोंगर आणि मागे सरकणारी एक पिवळी पाटी. परंतु ज्या घरांतली मुले रोज याच पट्ट्यात शिकतात, त्यांच्यासाठी निडी हा प्रवासाचा आरंभ असतो. गावातली शाळा संपली की माध्यमिक शाळेसाठी रोहा किंवा नागोठण्याची वाट धरावी लागते. कोणी एसटीने जाते, कोणी मिनीडोरने, कोणी गाडीने, तर कोणी पायी.

हा पट्टा लहान असला तरी एकरंगी नाही. आगरी, कुणबी, मराठा, कोळी, बौद्ध, मुस्लिम, धनगर, ठाकूर आणि कातकरी अशी अनेक समाजांची वस्ती येथे शेजारी शेजारी आहे. नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प आणि रोह्याजवळची धाटावची औद्योगिक वसाहत यांच्यामुळे दूरच्या प्रांतांतली कुटुंबेही येथे येऊन राहिली. बाजारपेठांत व्यापाराच्या निमित्ताने स्थिरावलेली जैन घरे आहेत. पेण तालुक्यातले गागोदे हे आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव. जैनांच्या सर्व संप्रदायांना मान्य होईल असा एक सारग्रंथ असावा, ही विनोबांचीच प्रेरणा होती. तिच्यातून 1974 साली दिल्लीत भरलेल्या संगीतीत ‘समणसुत्तं’ला सर्वांची संमती मिळाली. निरनिराळ्या परंपरांच्या माणसांना एका आसनावर आणण्याचा विचार या मातीला परका नाही, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

जून महिन्यात या पट्ट्यातल्या शाळांत प्रवेशोत्सव होतो. दाराला तोरण लागते, नव्या मुलांना फूल देतात, पुस्तके वाटतात. हे स्वागत मनापासूनचे असते. तरीही आठवी ओलांडणाऱ्या मुलाच्या घरात त्या दिवसांत एक वेगळीच चर्चा चाललेली असते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या मुलांना पहिली ते आठवीपर्यंतच्या मोफत शिक्षणाचा हक्क दिला. नववीच्या दारात मात्र तो हक्क थांबतो. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणारे कातकरी मूल याच दारात सर्वांत आधी गळते. मुलीच्या वाटेवर एसटीची वेळ आडवी येते, चालता न येणाऱ्या मुलाच्या वाटेवर जिना. आणि या सगळ्यांपेक्षा सुस्थितीत असलेल्या जैन कुटुंबापुढे प्रश्न असतो तो असा : आपल्या मुलाला गावातल्या सर्वांच्या शाळेत पाठवावे, की दूरच्या शहरात आपल्याच समाजाच्या छात्रालयात? सर्वांमध्ये मिसळून त्याचे संस्कार टिकतील काय? डब्याचे काय? सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाचे काय?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी निडीहून एक रस्ता धरता येतो. तो रोहा आणि कोलाडवरून मुंबई–गोवा महामार्गाला लागतो, माणगाव ओलांडून महाडला पोहोचतो आणि पोलादपूरहून आंबेनळी घाटाने सह्याद्री चढून महाबळेश्वर, पाचगणी, वाईमार्गे साताऱ्यात उतरतो. एका दिवसाचा हा प्रवास. पण शाळेचे दार सर्वांसाठी उघडणे म्हणजे नेमके काय, याचा महाराष्ट्राने घेतलेला अनुभव या वाटेवर टप्प्याटप्प्याने भेटत जातो.

पहिला टप्पा महाडचा. 1923 च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गाला खुले असावेत, असे त्याने सांगितले. पाणवठा आणि शाळा एकाच ठरावात होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या महाड नगरपालिकेने सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने आपले तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर तळे खुले झाले, पण ओंजळीपर्यंत पाणी आले नाही. त्यासाठी 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना हजारो अनुयायांसह चवदार तळ्याच्या पायऱ्या उतराव्या लागल्या. त्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली, वाद न्यायालयात गेला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय येईपर्यंत 1937 साल उजाडले. ठराव आणि ओंजळ यांच्यामधले अंतर किती असू शकते, ते या तळ्याच्या काठावर उभे राहिले की समजते.

महाड सोडून पोलादपूरला वळले की घाट सुरू होतो. कोकणाची दमट हवा खाली राहते, प्रतापगडाचा डोंगर दिसू लागतो आणि वळणावळणाने रस्ता महाबळेश्वरच्या पठारावर येतो. पलीकडे कृष्णेचे खोरे उघडते. वाई ओलांडल्यावर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेले सातारा शहर लागते. जुन्या राजवाड्याच्या परिसरात एक शाळा आहे. आज तिला प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात. 7 नोव्हेंबर 1900 रोजी येथे इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचे नाव दाखल झाले : भिवा रामजी आंबेडकर. नोंदपुस्तकातला त्याचा क्रमांक 1914. ही नोंद शाळेने जपून ठेवली आहे, आणि महाराष्ट्रात 7 नोव्हेंबर हा विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो.

त्या मुलाला प्रवेश मिळाला होता, हे खरे आहे. नाव पटावर होते. परंतु आपल्या शालेय दिवसांविषयी बाबासाहेबांनी पुढे जे लिहून ठेवले, ते प्रत्येक पालकाने वाचावे असे आहे. बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे. ते वर्गात इतरांपासून वेगळे अंथरावे लागे आणि संध्याकाळी परत घरी आणावे लागे. तहान लागली तर नळाला हात लावता येत नसे. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी, शिपाई नसला तर तहानेलेच राहायचे. पुढे महाडच्या तळ्याशी जे घडले, त्याचे मूळ अशा एका शाळेतल्या नळाशी होते, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही. प्रवेश पटावर मिळतो, स्वागत मात्र पाण्यापाशी होते. हा भेद सातारा शहराने फार जवळून पाहिला.

आणि याच शहराने पुढच्या पावशतकात त्याचे उत्तरही पाहिले. ते उत्तर एका जैन शेतकरी घराण्यातून आले.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोज येथे झाला. बाहुबलीच्या तीर्थामुळे हे गाव जैन समाजाला सुपरिचित आहे. शिक्षणासाठी ते कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये गेले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने 1901 पासून कोल्हापुरात मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहत होती. खेड्यातल्या ज्या मुलाला शहरात टेकायला भिंत नव्हती, त्याला आपल्या समाजाच्या छायेत जागा मिळाली. त्या काळी ते पाऊल फार मोठे होते. 1908 साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. त्या समारंभाला तरुण भाऊराव हजर राहिले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आले की, स्नान करून शुद्ध झाल्याशिवाय भोजनगृहात येता येणार नाही. भाऊरावांनी स्नान करण्यास नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

जैन समाजाच्या वाचकाने या प्रसंगावरून घाईने पुढे जाऊ नये. ज्यांनी ते बोर्डिंग उभारले, ते समाजहितैषी होते. मुलांना शिकवावे, सुसंस्कृत करावे हाच त्यांचा हेतू होता. तरीही त्या घरात एका विद्यार्थ्याची शुद्धता त्याच्या आचरणावर न मोजता तो कोणाशेजारी बसून आला यावर मोजली गेली. उत्तराध्ययन सूत्राचे बारावे अध्ययन हरिकेशी मुनींचे आहे. चांडाळ कुळात जन्मलेले हे तपस्वी भिक्षेसाठी यज्ञमंडपापाशी गेले असता त्यांना हाकलण्यात आले, आणि अखेर त्यांच्या तपाचे तेज हाकलणाऱ्यांनाच ओळखावे लागले. जन्माने कोणी उच्च ठरत नाही, हे ज्या आगमाने इतक्या स्पष्टपणे सांगितले, त्याच आगमाच्या अनुयायांच्या भोजनगृहात भाऊरावांना जागा राहिली नाही. समाजाला हे कबूल करण्यात कमीपणा नाही, कारण त्या प्रसंगातून जे उभे राहिले तेही याच समाजाच्या एका सुपुत्राचे कार्य आहे.

पुढे भाऊराव किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून गावोगाव हिंडले आणि खेड्यातल्या अज्ञानाचे रूप त्यांनी घरोघरी पाहिले. 1919 साली विजयादशमीला कराड तालुक्यातल्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्याला आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. कोल्हापूरच्या वसतिगृहांत प्रत्येक समाजाचे छत वेगळे होते. साताऱ्यात भाऊरावांनी सगळ्यांना एका छताखाली आणले. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर पहिली ओंजळ भरली गेली ती त्यानंतर महिनाभराच्या आत. डोंगराच्या एका बाजूला पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागत होता. त्याच वेळी दुसऱ्या बाजूला निरनिराळ्या जातींची मुले एकाच घरातले पाणी पीत होती.

या वसतिगृहाचे वैशिष्ट्य त्याच्या नियमावलीपेक्षा त्याच्या दिनक्रमात होते. मराठा, महार, मांग, जैन, मुस्लिम अशा मुलांनी पाणी आणायचे, दळायचे, स्वयंपाक करायचा आणि एका पंगतीला बसायचे. एकमेकांशी समतेने वागा, असा उपदेश रोज करण्याची तेथे गरज पडली नसावी. ज्या हाताने भाकरी केली त्याच्याविषयी मनात विटाळ ठेवून ती खाता येत नाही. सोवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या सगळ्या मुलांच्या आई झाल्या. वसतिगृहात धान्य संपले, हाती पैसा राहिला नाही, तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने मोडले. शेवटी मंगळसूत्रही दिले. अपरिग्रहाचे व्रत ग्रंथांतून वाचणारे पुष्कळ असतात. परक्यांच्या लेकरांच्या घासासाठी ते आचरणारी अशी श्राविका विरळा.

1940 मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव यांच्या नावाने मोफत, निवासी हायस्कूल सुरू झाले. श्रम करावेत आणि शिकावे, हे त्याचे सूत्र होते. श्रीमंताच्या मुलाच्या हातीही कुदळ होती आणि भूमिहीनाच्या मुलाच्या हातीही पुस्तक होते. आज रयत शिक्षण संस्थेच्या चारशेहून अधिक माध्यमिक शाळा आहेत, आणि रायगड जिल्ह्यातही तिचे वर्ग भरतात. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. 1959 साली भाऊरावांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी 9 मे रोजी त्यांचे देहावसान झाले. साताऱ्यात त्यांची समाधी आहे. तेथे येणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये कोण कोणत्या समाजाचे, हे पाहून ओळखता येत नाही. भाऊरावांना तेच हवे होते.

या प्रवासाचा निडीच्या कुटुंबाशी संबंध कसा लागतो, हे आता पाहता येईल. सर्वसमावेशक शाळा म्हणजे जिथे कोणालाही मज्जाव नाही अशी शाळा, एवढा अर्थ सातारच्या 1900 सालच्या नोंदपुस्तकालाही लागू पडला असता. त्याहून पुढचा अर्थ असा की, मुलाला जसे आहे तसे येता यावे म्हणून शाळा स्वतःमध्ये बदल करते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने समावेशक शिक्षणाची हीच कल्पना स्वीकारली : दिव्यांग आणि इतर मुले एकत्र शिकतील आणि शिकवण्याची पद्धत त्यांच्या गरजेप्रमाणे जुळवून घेतली जाईल. कायद्याने ठरवलेल्या प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्कही त्याने दिला. दहावीच्या परीक्षेत अशा मुलाला लेखनिक आणि जादा वेळ मिळू शकतो. परंतु त्या परीक्षेपर्यंत पोहोचण्यासाठी त्याचा वर्ग तळमजल्यावर असायला हवा, आणि चाकाची खुर्ची आत जाईल असे स्वच्छतागृह हवे. वीटभट्टीवरून चार महिन्यांनी परतलेल्या कातकरी मुलीचे नाव पटावरून कमी झालेले नसावे, आणि तिचा बुडालेला अभ्यास भरून काढायला कोणीतरी थांबलेले असावे. घरी कातकरी बोली बोलणाऱ्या किंवा हिंदी, गुजराती बोलणाऱ्या मुलाचा पहिला चुकीचा शब्द वर्गात हशाचा विषय होऊ नये.

जैन मुलाचे स्थानही याच ओळीत आहे. कांदा-बटाटा न खाणाऱ्या, पर्युषणात उपवास करणाऱ्या, सूर्यास्तापूर्वी जेवू पाहणाऱ्या मुलाची थट्टा न होणे आणि सहलीच्या जेवणात त्याचा विचार होणे, हाही समावेशाचाच भाग होय. जे कुटुंब आपल्या मुलासाठी ही अपेक्षा ठेवते, त्याने शेजारच्या बाकावरील मुलाचा डबा पाहून नाक मुरडू नये, एवढे ओघानेच येते. आपला आहारनियम पाळणे हे व्रत आहे. दुसऱ्याला त्यावरून दूर लोटणे हे कोणत्याही व्रतात बसत नाही. ताटातले पदार्थ निराळे असले तरी पंगत एक राहू शकते.

समवसरणाची कल्पना प्रत्येक जैन घरात मुलांना सांगितली जाते. तीर्थंकरांच्या त्या सभेत देव, मनुष्य, पशू सर्वांना जागा असते आणि प्रत्येकाला उपदेश आपापल्या भाषेत कळतो. प्रभूंचे मुख चारही दिशांना दिसते, म्हणून कोणीही पाठीमागे बसलेला नसतो. सर्वांच्या शाळेचे याहून सुंदर चित्र दुसरे कोणते असेल? जीवांनी परस्परांना साह्य करावे हा तत्त्वार्थसूत्रातला भाव पाठशाळेत पाठ होतो. त्याचा सराव करण्यासाठी मात्र आपल्याहून निराळी मुले शेजारी असावी लागतात.

2014 मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याकाचा दर्जा मिळाला. राज्यघटनेच्या 30 व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे. तो जपावा, वापरावा. समाजाची छात्रालये आणि पाठशाळा यांनी अनेक पिढ्या घडवल्या, आणि त्यांची गरज संपलेली नाही. मात्र त्याच घटनेचा 29 वा अनुच्छेद असेही सांगतो की, शासकीय अनुदान घेणाऱ्या संस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून कोणाला प्रवेश नाकारता येणार नाही. आपली संस्था उभारताना तिचे दार किती रुंद ठेवायचे, याचा आदर्श समाजाला बाहेर शोधावा लागत नाही. तो कुंभोजमध्ये जन्मला.

म्हणून यंदा पेण, नागोठणे, निडी किंवा रोह्याच्या पालकांनी माध्यमिक शाळा पाहायला जावे, तेव्हा निकालाच्या फलकासमोर थोडे थांबून मग आतही जावे. पाण्याची टाकी कुठे आहे आणि तिथे कोण कोण भांडे लावते, ते पाहावे. मधल्या सुट्टीत डबे कसे उघडतात, मुले वर्तुळात बसतात की कोपऱ्याकोपऱ्यांत, ते पाहावे. मागच्या वर्षी नववीत कोण कोण गळाले आणि त्यांच्या घरी शाळेतून कोणी गेले होते काय, हे मुख्याध्यापकांना नम्रपणे विचारावे. कुबडी घेऊन येणारे मूल कोणत्या दाराने आत येते, हेही विचारावे. उत्तरे समाधानकारक असतील तर मुलाला निःशंक मनाने तेथे बसवावे. नसतील तर शाळा बदलण्याआधी पालकसभेत जाऊन बसावे, कारण अशी शाळा तयार सापडत नाही, ती कुटुंबांच्या सहभागाने घडते. लक्ष्मीबाईंनी ती आपल्या चुलीपासून घडवली. आजच्या घराला तेवढा त्याग करावा लागणार नाही. मुलाच्या डब्यात एक पोळी जास्त घालावी, ती शेजाऱ्यासाठी आहे असे त्याला सांगावे, आणि संध्याकाळी तो घरी आला की शेजाऱ्याचे नाव काय, हे विचारावे.